तुमच्या यादीत बेळगाव नाही: मराठी वाहिन्यांना आणि स्वतंत्र संगीतकारांना खुलं पत्र

प्रति,
मराठी मनोरंजन वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख,
वाहिन्यांचे पॅक ठरवणारे वितरक,
आणि स्वतंत्र मराठी संगीताचे दौरे आखणारे सर्व जण,

सप्रेम नमस्कार.

मी बेळगावचा. अनगोळात राहतो, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी मशिनवर काम करतो. शिफ्ट सुटली की तिसऱ्या रेल्वे गेटवरून घर गाठतो, हातपाय धुतो, आणि त्यानंतर जेवण होईपर्यंत आमच्या घरातला टीव्ही मराठीत बोलतो. आईच्या दोन मालिका, बायकोची एक, मग सगळ्यांचा मिळून विनोदी कार्यक्रम. सगळे झोपले की हेडफोन लावून मी गाणी ऐकतो. कुणी नवीन मराठी गाणं स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या खोलीत रेकॉर्ड करून सोडलंय का, हे रोज रात्री शोधायची मला सवय आहे.

हे पत्र लिहायचं कारण एक फॉर्म. माझी भाची बेळगाव जिल्ह्यातल्याच खानापूरला राहते, चौदा वर्षांची आहे, गाते. चांगली गाते असं तिच्या बाई म्हणतात, आणि त्या सहजासहजी तसं म्हणणाऱ्या नव्हेत. तुमच्यापैकी एका वाहिनीनं गाण्याच्या स्पर्धेसाठी नावं मागवली. टीव्हीवर खाली पट्टी फिरत होती, ती आमच्याही टीव्हीवर फिरत होती. रविवारी भाची माझ्याकडे आली, आम्ही दोघं मोबाइल घेऊन बसलो. नाव, वय, शिक्षण, गाण्याचा व्हिडिओ, सगळं झालं. मग आलं 'जिल्हा निवडा'. यादी उघडली. ती वरून खाली गेली, खालून वर आली, पुन्हा खाली गेली.

"मामा, आपला जिल्हा कुठाय?"

यादीत महाराष्ट्राचे ३६ जिल्हे होते. सदतिसावं काहीच नव्हतं, 'इतर' सुद्धा नाही. मदतीसाठी दिलेल्या क्रमांकावर फोन केला. पलीकडची मुलगी नम्र होती, तिच्यावर माझा राग नाही. ती म्हणाली, कोल्हापूर टाका. टाकलं. पुढच्या पानावर पत्त्याचा पुरावा मागितला. भाचीचं आधारकार्ड कन्नड आणि इंग्रजीत आहे, पत्ता खानापूरचा. चार दिवसांनी निरोप आला की सहभागासाठी महाराष्ट्रातलं वास्तव्य आवश्यक आहे. भाचीनं तो वाचला आणि मोबाइल माझ्याकडे परत दिला. त्या दिवशी ती काही बोलली नाही. मी मात्र बोलणार आहे.

आधी एक सांगून टाकतो. हे पत्र सीमाप्रश्नाचं नाही. तो खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचं जे व्हायचं ते तिथे होईल. हे पत्र कन्नडविरुद्धही नाही. मी कन्नड बोलतो, कारखान्यात अर्धा दिवस कन्नडातच जातो. शेजारच्या अक्का मूळच्या गोकाकच्या. त्या रात्री आमच्याकडे येऊन 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' बघतात, एखादा शब्द अडला की आईला विचारतात, आणि आमच्यापेक्षा मोठ्यानं हसतात. आईची एखादी मालिका सुरू झाली की त्या पुढचं कथानक आधीच सांगतात, कारण तीच गोष्ट त्यांनी कन्नडात बघितलेली असते. आमच्याकडे दोन भाषा अशा एका सोफ्यावर बसतात. माझी तक्रार आहे ती तुमच्या हिशेबाबद्दल. तुमच्या हिशेबात आम्ही नाही.

ही आवड आमच्यात आली कुठून तेही सांगायला हवं. आईचं लग्न होऊन ती अनगोळात आली तेव्हा घरात रेडिओ होता, त्यावर सांगली आकाशवाणी लागायची. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी, म्हणजे आताची झी मराठी, सुरू झाली तेव्हा मी आठवीत होतो. गल्लीत केबल तीन-चार घरांतच होती, आम्ही त्या घरांच्या दारात चपला काढून बसायचो. पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी आली. २००८-०९ च्या 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'च्या वेळी आमची गल्ली रात्री अक्षरशः रिकामी असायची. कार्तिकी गायकवाड जिंकली त्या रात्री लोक बाहेर येऊन बोलत उभे होते, जणू कुणाच्या घरचं लग्न लागलंय. तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं की आमच्यातल्या एखाद्या मुलीला त्या मंचाच्या दारातच अडवलं जाईल.

आणि जुनं सांगायचं तर टीव्हीशी आमचं नातं त्याहूनही मागचं आहे. पु. ल. देशपांडे आमच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते. तेच पुलं पुढे दिल्लीत दूरदर्शन उभं राहत असताना तिथे होते. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, म्हणजे याच जिल्ह्यातले. ही नावं मिरवायला घेत नाही. तुमच्या धंद्याच्या मुळाशी आमची माती आहे, एवढंच तुमच्या ध्यानात यावं.

आता एकेक गोष्ट.

पहिली पॅकची. पूर्वी केबलवाला महिन्याला एक रक्कम घ्यायचा आणि मराठी, कन्नड, हिंदी सगळं सरसकट दाखवायचा. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, नवे नियम लागू झाले, प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर झाली, ग्राहकानं हवी ती वाहिनी निवडावी असं ठरलं. नियम चांगला आहे. प्रत्यक्षात कुणी एकेक वाहिनी निवडत बसत नाही, लोक तयार पॅक घेतात, कारण तो स्वस्त पडतो. आणि तयार पॅक राज्याप्रमाणे बनतात. आमचा पिनकोड ५९ नं सुरू होतो, म्हणून आम्हाला पुढे येतो तो कर्नाटक पॅक. त्यात मराठी वाहिन्या नसतात, किंवा असली तर एखादी. मराठी हवी तर वेगळे पैसे. आमच्या वितरकानं मागच्या वर्षी न सांगता पॅक बदलला आणि एका संध्याकाळी आईची मालिका लागेना. नायिकेला सत्य कळणार होतं तो भाग. मी फोनवर तासभर होतो. उत्तर एकच, "तुमच्या भागाला हा पॅक लागू नाही." मग खटपट करून महाराष्ट्राचा पॅक घेतला तर अक्कांना दाखवायला कन्नड वाहिनी उरेना, आणि बायकोची कन्नड मालिकाही गेली. शेवटी दोन्ही घेतले. आमच्या घराला मराठी आणि कन्नड दोन्ही लागतात, म्हणून आम्ही जवळजवळ दुप्पट मोजतो.

बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या मराठीही वाहिन्या आहेत आणि कन्नडही. दोन्ही भाषांचा एक सीमाभाग पॅक बनवायला त्यांना कुणाची परवानगी काढायला नको. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाखांच्या वर होती आणि त्यात मराठी मातृभाषा सांगणारे पाचातल्या एकाच्या जवळपास. शिवाय कारवार, हल्याळ, जोयडा आहे, तिकडे बिदर जिल्ह्यात भालकी, औराद आहे. एवढ्या लोकांसाठी एक पॅक होत नाही?

होत नाही, कारण दुसरी गोष्ट: आम्ही मोजलेच जात नाही. हे मला एका मित्रानं समजावलं तेव्हा कुठे सगळ्याचा उलगडा झाला. टीआरपी मोजणारी बार्क ही संस्था देशभरात ५० हजारांहून अधिक घरांत मीटर बसवते. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, मीटर ती ओळखतं, आणि घरातलं कोण बघतंय ते त्या त्या माणसानं बटण दाबून कळवायचं असतं. इथवर ठीक. पण मराठी वाहिन्यांची क्रमवारी लावताना बाजार धरतात तो महाराष्ट्र आणि गोवा. बेळगावात मीटर असलेल्या घरानं रोज पाच तास मराठी मालिका बघितली तरी ते घर कर्नाटकच्या खात्यात जातं. दर आठवड्याला तुम्ही 'महाराष्ट्राची नंबर एक मालिका' म्हणून जे आकडे मिरवता, त्यात माझ्या आईचा एकही मिनिट नाही. वीस-पंचवीस वर्षं ती बघतेय. एकाही मालिकेला तिच्यामुळे तिळभर फायदा झालेला नाही.

म्हणून तुमच्या लेखकांना आमचं गाव दिसत नाही, ही तिसरी गोष्ट. आणि यावर मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण मालिका बघणारा माणूस म्हणून मला ही सगळ्यात जास्त लागते.

तुम्ही गेल्या काही वर्षांत बोलींना जागा दिलीत त्याचं मला मनापासून कौतुक आहे. मालवणी आली. 'तुझ्यात जीव रंगला' आली तेव्हा कोल्हापूरकडचं बोलणं रोज रात्री घरात यायला लागलं आणि आमच्याकडे राणादाच्या लकबी पोरांच्या तोंडी बसल्या. कोल्हापूर आमच्यापासून ११० किलोमीटर. तुमचा कॅमेरा तिथवर आला आणि थांबला. निपाणी ओलांडून पुढे तो आलेला मी तरी पाहिलेला नाही. इथली मराठी कानावर पडली तर कळेल ती किती वेगळी आहे. आम्ही 'काय करतोयस' म्हणत नाही, 'काय करूलास बे' म्हणतो. 'कुठं जाऊलास?' म्हणतो. वाक्याच्या शेवटी 'की' आणि 'की हो' येतात, ते कन्नडाच्या शेजारानं दिलेले हेल आहेत. एकाच दमात माणूस मराठीत सुरू होतो, मध्ये कन्नडात शिरतो आणि मराठीत परत येतो. भांडणही दोन भाषांत होतं. सासू कन्नड शाळेत शिकलेली, सून मराठी, नातू इंग्रजी शाळेत, अशी घरं माझ्या गल्लीतच चार आहेत. लेखकाला यात गोष्ट सापडत नाही असं मला पटत नाही. त्याच त्या बंगल्यात, त्याच जिन्यावरून उतरणाऱ्या त्याच खलनायिकेचा चेहरा तीन वेळा जवळून दाखवण्यापेक्षा, आमच्या वडगावच्या एखाद्या विणकराच्या घरात जा. माग थांबल्यावर त्या घरात जी शांतता पडते तिला पार्श्वसंगीत लागत नाही.

अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे १०० आरबीएच, वऱ्हाडीत रॅप करतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गाणं तिथेच थांबवून पुन्हा सुरुवातीपासून लावलं. अर्धे शब्द कळले नव्हते, पण माणूस आपल्या घरातल्या आवाजात बोलतोय हे कळलं होतं. त्या रात्री वाटलं, आमच्याकडचं एखादं पोरगं 'करूलास' आणि 'जाऊलास'वर असं यमक जुळवील तर काय होईल. जुळवणारी पोरं आहेत. त्यांना मंच नाही.

इथून मी संगीतवाल्यांकडे वळतो. तुमच्याशी बोलताना माझा सूर थोडा बदलेल, कारण तुम्ही कंपनी नाही. तुम्ही स्वतःच्या खिशातून पैसे घालून गाणी करता. स्वदेसी या हिप-हॉप गटातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो तेव्हा मी मान हलवत बसतो. अभंग रिपोस्ट या बँडवाले अभंगाला ड्रम्स आणि बेस गिटार लावतात, ते मी आईला ऐकवलं. माझे आजोबा येळ्ळूरच्या भजनी मंडळात टाळ धरायचे, त्यामुळे मला वाटलं ती नाराज होईल. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "चाल तीच आहे रे, चालायचा वेग वाढलाय." २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयसचं मराठी गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं प्रसिद्ध केलं, तेव्हा कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ते मी सगळ्यांना ऐकवलं. धारवाडचा एक पोरगा आहे आमच्यात, मराठी येत नाही त्याला, त्यानं ते दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितलं.

मग तुम्ही इकडे का येत नाही?

मागच्या हिवाळ्यात मी एका बँडच्या कार्यक्रमासाठी पुण्याला गेलो. रात्रीच्या रेल्वेनं गेलो, कार्यक्रम संपल्यावर रात्रीच्याच बसनं परतलो, सकाळी थेट शिफ्टला. तीनेकशे लोक असतील. फार सुंदर वाजवलं त्यांनी. ढोलकी आणि इलेक्ट्रिक गिटारचा सवाल-जवाब होता, तो संपल्यावर मला काही क्षण टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही. मग गायकानं विचारलं, कोण कुठून आलंय? मुंबई? आरडाओरडा. नाशिक? कोल्हापूर? मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "बेळगाव!" त्यानं ऐकलं. थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि खरंखुरं आश्चर्य वाटून म्हणाला, "अरे, तिकडे पण आम्हाला ऐकतात?"

त्याचा हेतू वाईट नव्हता, आनंदच झाला होता त्याला. पण परतीच्या बसमध्ये मला झोप लागली नाही. तुम्ही पुण्याहून बंगळूरला कार्यक्रमाला जाता तो राष्ट्रीय महामार्ग ४८ आमच्या शहराला लागून जातो. तुमची वाद्यं भरलेली गाडी माझ्या घरापासून काही किलोमीटरवरून जाते. गोव्याला जायचं तर चोर्ला घाट इथूनच. पुणे-हुबळी वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून बेळगावला थांबते. विमानतळ सांबऱ्याला आहे. इंजिनिअरिंग आणि मेडिकलची पोरं शहरात हजारोंनी आहेत, खोल्याखोल्यांत गिटार आहे. तरी तुम्ही चहालाही उतरत नाही.

एका आयोजकानं मला कारण सांगितलं: तिकडे भाषेचं वातावरण, परवानगी मिळेल का, फलक मराठीत लावले तर काय. ही भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. इथे राहतो, मला माहीत आहे. पण इथे मराठी नाटकं होतात, गावोगावी मराठी साहित्य संमेलनं होतात, कडोलीचं तर किती जुनं आहे. फलक दोन्ही भाषांत लावा, आम्ही लिहून देऊ. परवानग्यांसाठी धावपळ आम्ही करू. आणि संगीताला इथे दाराबाहेर थांबावं लागलं असं कधी झालेलं नाही. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनात, गांधीजी अध्यक्ष असताना, लहानग्या गंगूबाई हनगल याच शहरात गायल्या. त्याच वर्षी इथून जवळच्या सुळेभावीत, कन्नड बोलणाऱ्या घरात, शिवपुत्र कोमकळी जन्मला. तो कुमार गंधर्व झाला. कबीर गायला, तुकाराम गायला, कुणाची वाट न धरता आपलं गाणं गायला. स्वतंत्र संगीत म्हणजे आणखी काय असतं? त्यांच्या नावाचं रंगमंदिर आमच्याकडे नेहरूनगरात आहे. त्या रंगमंचावर तुमचा साउंडचेक चाललाय आणि मी मागच्या रांगेत बसून ऐकतोय, हे चित्र कितीदा तरी माझ्या डोळ्यांपुढे आलंय.

एक छोटी विनंती जाता जाता. गाण्याचे शब्द खाली देवनागरीत द्या. रोमन लिपीत दिलेली मराठी वाचताना इथली कन्नड माध्यमात शिकलेली पोरं अडखळतात, देवनागरी मात्र हिंदीमुळे त्यांना येते. आणि ढोलकी, संबळ, पखवाज कुणी वाजवला त्याचं नाव द्या. मी शोधतो, सापडत नाही.

माझं मागणं आता सरळ सांगतो.

वाहिन्यांनी स्पर्धांच्या अर्जातली महाराष्ट्रातल्या वास्तव्याची अट काढावी. स्पर्धा मराठी गाण्याची असेल तर अट मराठी गाता येण्याची असावी. जिल्ह्यांच्या यादीत बेळगाव, उत्तर कन्नड (म्हणजे कारवारचा जिल्हा), बिदर घालावेत, निवडचाचणीची एक फेरी बेळगावात घ्यावी. हॉल मिळवून द्यायची जबाबदारी आम्ही काही मित्रांनी घेतली आहे.

वितरकांनी सीमाभागासाठी मराठी-कन्नड एकत्र पॅक काढावा आणि पॅकमधून वाहिनी काढायच्या आधी ग्राहकाला कळवावं.

मराठी वाहिन्यांनी एकत्र येऊन बार्ककडे मागणी करावी की कर्नाटकातल्या सीमेवरच्या जिल्ह्यांत मराठी वाहिन्या किती बघितल्या जातात तो आकडा वेगळा काढावा. तो आकडा तुम्हालाच उपयोगी पडेल, जाहिरातदारापुढे ठेवायला.

लेखकांनी एकदा येऊन इथे आठ दिवस राहावं. आमच्या घरी राहा. आई मांडे करणाऱ्यांकडे घेऊन जाईल, अक्का त्यांच्या बाजूची गोष्ट सांगतील.

आणि बँडवाल्यांनो, पुढच्या वेळी बंगळूरला जाताना एक रात्र मध्ये ठेवा. दोनशे तिकिटं खपवून द्यायचा शब्द मी आणि कारखान्यातले, कॉलेजातले अकरा जण मिळून देतो. नावं वहीत लिहिलेली आहेत. राहायची सोय टिळकवाडीत होईल, साउंडवाला इथलाच चांगला आहे, ढोल-ताशापासून नाटकापर्यंत सगळं करतो. स्टेजवरून फक्त एकदा विचारा, कोण कुठून आलंय.

भाचीचा रियाज बंद झालेला नाही. पहाटे तिच्या आईला मी फोन केला की मागे तंबोऱ्याच्या ॲपचा सूर ऐकू येतो. या वर्षी पुन्हा नावं मागवतील तेव्हा ती पुन्हा माझ्याकडे येणार आहे, तसं तिनं सांगून ठेवलंय. आम्ही पुन्हा मोबाइल घेऊन बसू आणि ती यादी उघडू.

आपला,
अनगोळ, बेळगाव येथील एक प्रेक्षक आणि श्रोता